गाळ्यातले लोखंडी स्विचबोर्ड: दोन पावसाळ्यांनंतर

दोन पावसाळे गेले, आता लिहायला हरकत नाही. नवा असताना कुठलाही बोर्ड देखणाच असतो.

भोसरी एमआयडीसीत माझा गाळा आहे. पुढे दुचाकींचं गॅरेज, मागे वेल्डिंग आणि कोपऱ्यात वडिलांचा जुना लेथ. तो लेथ अजून माझ्यापेक्षा जास्त कमावतो. आधीच्या भाडेकरूने भिंतीवर घरात असतात तसे पांढरे मॉड्यूलर बोर्ड बसवून घेतले होते. मीही तीनेक वर्षं तेच चालवले. चालवले म्हणजे चिकटपट्टीवर चालवले.

वेल्डिंगच्या बाकाशेजारच्या बोर्डावर ग्राइंडरच्या ठिणग्या बसून बसून त्याचं तोंड देवी आल्यासारखं झालं. लेथजवळचा एका दुपारी सहा फुटी रॉडच्या टोकाने फुटला. त्यात बोर्डाची चूक नाही, रॉड वळवणाऱ्याची आहे, आणि तो मीच होतो. कोड्यात टाकलं ते तिसऱ्या बोर्डाने. हा कार्ब्युरेटर उघडतो त्या टेबलामागचा. त्याला कोणी ठोकलं नव्हतं, ठिणगी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तरी स्क्रूभोवती केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या आणि एक दिवस प्लग काढताना खालचा कोपराच हातात आला. आत तारा उघड्या आणि करंट चालू.

आमच्या लाइनीत एक म्हातारे वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी तो तुकडा उचलला, नाकाला लावला आणि माझ्या हाताखालच्या पोराकडे बघून विचारलं, "थिनरने पुसतोस का रे हे?" पोरगं गप्प. रोज संध्याकाळी ग्रीसचे ठसे काढायला बोर्डावर थिनरचं फडकं फिरत होतं, गिऱ्हाइकाला गाळा स्वच्छ दिसावा म्हणून. पॉलिकार्बोनेट, म्हणजे या बोर्डांचं प्लॅस्टिक, हातोडीचा घाव सोसतं, पण थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांच्याशी त्याचं जमत नाही. जिथे स्क्रूने आवळून ताण बसलेला असतो तिथूनच ते तडकायला लागतं. म्हणजे आम्ही बोर्डाची जेवढी निगा राखली तेवढा तो लवकर गेला.

मग लोखंडी बोर्ड घ्यायचं ठरलं.

गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, म्हणून त्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. खिशात जाडी मोजायचा व्हर्निअर. लोक हसतात, हसू देत. पहिल्या दुकानात "मेटल प्लेट दाखवा" म्हटल्यावर जे पुढे आलं ते चकाचक होतं. ब्रश फिरवल्यासारख्या बारीक रेघा, आणि किंमतही त्या थाटाला शोभणारी. नखाने वाजवून पाहिलं तर आवाज कोरडा, टकटक. वर चमक, आत प्लॅस्टिक. हॉलमध्ये टीव्हीमागे लावायला उत्तम. माझ्या बाकाशेजारी त्याची गत पांढऱ्या बोर्डासारखीच झाली असती, फक्त पैसे चौपट गेले असते.

दुसऱ्या दुकानात खराखुरा पत्रा होता. "अठरा गेज आहे साहेब, डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवून व्हर्निअर लावला. ०.८ मिलिमीटर, तेही रंगासकट. अठरा गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, वीस म्हणजे ०.९. पावडर कोटिंगचा रंग एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन धरा, दोन्ही बाजूंचं वजा करा, तर हा पत्रा बावीस गेजपेक्षाही पातळ निघत होता. दुकानदाराला आकडा दाखवला. तो म्हणाला, "सगळे हेच नेतात." हे मात्र खरं असावं.

जाडीचा हट्ट फुशारकीपायी नाही. चार एमएमच्या स्क्रूचा आटा ०.७ मिलिमीटरचा असतो. ०.८ च्या पत्र्यात टॅप मारून आटे पाडले तर स्क्रूला धरायला जेमतेम एक फेरा मिळतो. दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा आवळताना स्क्रू गरागरा फिरतो आणि झाकण तीन स्क्रूंवर लोंबतं. गाळ्यात बोर्ड घरच्यासारखा दहा वर्षांतून एकदा उघडत नाहीत, वर्षातून तीनदा उघडतात. म्हणून बोर्ड घेताना पुढून बघू नका, उलटा करा. स्क्रूच्या जागी मागे नट वेल्ड केलेला आहे का ते बघा. मग आतल्या कडेवरून बोट फिरवा, जरा जपून. बोट कापलं तर तारेचं आवरणही कापणार. तारा आत येतात त्या भोकांना रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी रिंग, आहे का, की नुसती नॉकआउटची चकती ठोकून पाडायची आणि धार तशीच ठेवायची, तेही तिथेच कळतं.

तिसऱ्या दुकानात मिळाला तो बोर्ड असा: सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेल्या लोखंडाचा पत्रा, रंग सोडून भरून १.२, मागे चार वेल्ड केलेले नट, आणि पॅनेलवाल्यांचा तो कायमचा राखी रंग, आरएएल ७०३२, ज्याला बाजारात सीमेन्स ग्रे म्हणतात. नग २८० रुपये. चार घेतले. बिलावर कंपनीचं नाव नाही, बोर्डावरही नाही. कुठल्यातरी शेडमध्ये बनलेला माल, बहुतेक आमच्याच भागातल्या. तो माल मी पुण्यातून विकत घेऊन परत भोसरीला आणला.

आता या बोर्डाचं खरं परीक्षण, आणि ते दुकानात होत नाही.

आषाढ होता, मामा वारीला गेले होते. मी म्हटलं चार स्क्रूंचं काम, आपणच करू. केलं. तिसऱ्या दिवशी पाऊस लागून राहिलेला, पोराच्या चपला ओल्या. तो हात झटकत आला, "दादा, बोर्ड चावतोय." टेस्टर लावला तर झाकणावर दिवा लख्ख. मेन बंद केला, झाकण उघडलं. एक तार झाकणाची कड आणि डबा यांच्यामध्ये चिमटून सोलली होती. म्हणजे फेज थेट झाकणावर. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, मात्र निवांत, वर उचललेली.

मामांना फोन लावला. पालखी जेजुरीच्या पुढे गेली होती, मागून टाळांचा आवाज येत होता. त्यांनी एकच विचारलं, "अर्थिंगची तार कुठे लावलीस?" डब्याला, म्हटलं. "आणि झाकणाला?" झाकण तर डब्यालाच स्क्रूने लागलंय ना, म्हटलं. "रंग खरवडला होतास का?" नाही. "मग तुझं झाकण अधांतरी आहे बाबा. मेन बंद ठेव, मी पौर्णिमेनंतर येतो."

पावडर कोटिंग विजेला अडवतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि भिंतीपाशी उभं असताना आठवणं या दोन गोष्टी आहेत. डब्याला अर्थ होता, झाकणाला नव्हता. मध्ये दोन्ही बाजूंनी रंगाचा थर. प्लॅस्टिकचा बोर्ड फुटका असला तरी निदान दिसतो फुटका. हा दिसायला तुकतुकीत आणि हात लावला की चावणारा.

मामा आले, गळ्यात तुळशीची माळ, हातात पॉलिश पेपर. झाकणाच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा रंग त्यांनी पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासून काढला. तिथे चार एमएमचा बोल्ट, त्याखाली दातेरी वॉशर, आणि अडीच स्क्वेअर एमएमच्या हिरव्या तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टात बसणारी कडी, दाबून ती तार डब्यातल्या अर्थच्या बोल्टपर्यंत. तार मुद्दाम वीतभर जास्त लांब ठेवली, म्हणजे झाकण काढून खाली लोंबलं तरी अर्थ सुटत नाही. स्क्रूवर अर्थची भिस्त ठेवायची नाही, कारण उघडताना पहिला निघतो तो स्क्रूच. मग मीटरचं एक टोक झाकणावर, दुसरं अर्थच्या पट्टीवर. अर्धा ओहमही नाही. चारही बोर्डांना हेच.

एमसीबी का पडली नाही, हे त्यांनी लेथच्या पाठीवर खडूने लिहून दाखवलं. झाकणाला अर्थच नव्हता, म्हणजे करंटला जायला वाट पोराची, बाकी कुठली नाही. ओल्या चपलेच्या माणसातून जाणारा करंट जीव घ्यायला पुरतो, पण १६ अँपियरच्या एमसीबीला तो मोजण्याइतकाही वाटत नाही. बरं, झाकणाला अर्थ असता आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा, रोध समजा २० ओहम. २३० भागिले २०, साडेअकरा अँपियर. तेवढं एमसीबीच्या हिशेबात साधं लोड, ती पडणारच नाही. म्हणून आधी खड्ड्यात पाणी टाकून घेतलं आणि सिंगल फेजच्या लाइनीवर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळाला की लाइन तोडणारा स्विच, बसवली. ती चार बोर्डांच्या एकूण किमतीपेक्षा महाग पडली. लोखंडी बोर्डाची किंमत धरताना हा खर्च त्यातच धरा. तो करायचा नसेल तर फुटकं प्लॅस्टिक परवडलं.

एवढं झाल्यावर बोर्ड कसा आहे? चांगला आहे. वेल्डिंगजवळच्या बोर्डावर ठिणग्या पडतात, रंगावर काळे ठिपके उठतात, आत काही होत नाही. दोनदा पाना आपटलाय, एक खोक पडलीय. थिनरने मात्र रंगाची चमक गेली. आता पोरगं साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं वापरतं, तेही मेन बंद करून. एका बोर्डाच्या खालच्या कडेला, जिथे नॉकआउट पाडलं होतं, तिथे दुसऱ्या पावसाळ्यात गंजाची रेघ आली. कापलेल्या कडेला रंग नसतो, आम्ही लावायला हवा होता. प्रायमरचा एक हात, पाच मिनिटांचं काम.

कार्ब्युरेटरच्या टेबलामागे मात्र हा राखी बोर्ड मी लावलाच नाही. तिथे पेट्रोल, थिनर, ग्रीस सगळंच असतं. तिथे स्टेनलेसची प्लेट करून घेतली. शेजारच्या ब्लॉकमध्ये लेझर कटिंगवाले आहेत. ३०४ जातीच्या स्टेनलेसचा दीड एमएमचा पत्रा, २०० बाय १५०, कोपऱ्यांना गोलाई. एक प्लेट हातात घेतली की ३६० ग्रॅम भरते, वजनाने सांगते की पत्रा खरा आहे. तीन प्लेटचे पत्र्यासकट ११०० दिले.

इथे एक अडचण आली, ती कोणी आधी सांगत नाही. मॉड्यूलर स्विच प्लेटला धरून नसतात. ते आतल्या प्लॅस्टिकच्या चौकटीत खटकन बसतात आणि वरची प्लेट नुसती टोपी असते. चौकट प्रत्येक कंपनीची वेगळी, एकाचा स्विच दुसऱ्यात बसेल याचा भरवसा नाही. म्हणजे तुम्ही कितीही भारी पत्रा कापून आणा, आतला सांगाडा प्लॅस्टिकचाच. मी सरळ मागे गेलो आणि जुने पियानो टाइप स्विच घेतले. ते दोन स्क्रूंनी थेट पत्र्याला आवळतात. दिसायला १९९० च्या सरकारी कचेरीसारखे दिसतात. पण जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि मी दोन मिनिटांत बदलतो. मॉड्यूलरवाल्यांनी रागावू नये, घरी माझ्याकडेही मॉड्यूलरच आहेत.

३०४ घेताना चुंबक लावून बघणारे पुष्कळ. चुंबक चिकटला नाही तर ३०४, असा समज आहे. ४३० जातीचं स्टेनलेस पकडायला तो उपयोगी, कारण त्याला चिकटतो. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि बाजारात ३०४ म्हणून खपतो तो जास्त करून २०२. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. लेझरवाल्याकडे थेंब टाकून बघायचं औषध असतं, बॅटरी लावली की २०२ वर लालसर डाग उठतो. त्याने मी न मागताच करून दाखवलं. तेव्हापासून कापायचं काम त्यालाच देतो.

पहिल्या महिन्यात पोराने बोलावून दाखवलं, प्लेटवर नारिंगी ठिपके. "दादा, फसवलं आपल्याला, गंजलं." गंजलं नव्हतं. मागून ग्राइंडरचा लोखंडी चुरा उडून प्लेटवर चिकटला होता आणि तो चुरा गंजला होता. भांड्याच्या हिरव्या काथ्याने घासल्यावर गेला. तारेचा काथ्या वापरू नका, तो स्वतःच लोखंड सोडतो आणि पुन्हा तीच कथा. त्या प्लेटला बोटांचे ठसे मात्र पडतात, ग्रीसचे तर छापील दिसतात. मला चालतं. थिनर मारा, पेट्रोल सांडा, ती आहे तशीच.

प्लगांबद्दल थोडं. वेल्डिंग सेट आणि कॉम्प्रेसरसाठी साधं १६ अँपियरचं सॉकेट मी काढूनच टाकलं आणि २० अँपियरचे मेटलक्लॅड घेतले, ओतीव ॲल्युमिनियमचं अंग, सोबत एमसीबी आणि साखळीने बांधलेली टोपी. कारण लेथचा चुरा. संध्याकाळी पोरं एअर गनने बाक साफ करतात आणि सगळा कीस भिंतीकडे उडतो. सॉकेटचं भोक उघडं असेल तर लोखंडाचा कीस आत, आणि तो कीस वीज वाहून नेतो. प्लेट कितीही जाड असो, तिच्यातली तीन भोकं उघडीच असतात. म्हणून ती टोपी महत्त्वाची. पण या मालात टोपीची साखळी म्हणजे गळ्यातल्या खोट्या साखळीइतकी. तीनपैकी दोन महिन्याभरात तुटल्या. मी जुन्या ब्रेक केबलच्या तारेने बांधल्यात, त्या आता माझ्यानंतरही राहतील. साडेचारशे रुपयांच्या वस्तूला दोन रुपयांची साखळी, यात बनवणाऱ्याने काय वाचवलं देव जाणे.

वेल्डिंग सेटच्या लाइनीला आणखी एक. लोखंडी डब्यात फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून आत घ्या. वेगवेगळ्या भोकांतून नेले तर मोठ्या करंटला मधला पत्रा तापतो. मामांनी आमची आधीची वायरिंग उचकटून हे बदललं, आणि बदलताना जे बोलले ते वारी करून आलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

दोन ठिकाणी मी लोखंड लावलं नाही. गाड्या धुतो त्या रॅम्पजवळ आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा, प्लॅस्टिकचा बंद डबा आहे, रबरी गॅस्केट आणि ग्लँडवाला. पत्र्याचं झाकण पाण्याच्या फवाऱ्यापुढे काही कामाचं नाही. आणि बॅटरी चार्जिंगच्या कोपऱ्यात ॲसिडची वाफ असते, ती राखी रंगाच्या खाली शिरते. तिथेही प्लॅस्टिकच, आणि तिथे थिनर न्यायचा नाही असं पोराला बजावलंय. रत्नागिरीला मेहुण्याचं गॅरेज खाडीजवळ आहे. त्याने माझं बघून हेच राखी बोर्ड नेले आणि पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगल्या. खाऱ्या हवेत माझा सल्ला धरू नका. तिथे मॉलिब्डेनमवालं ३१६ लागतं, आणि ते त्याच्या खिशाला झेपत नाही.

उंचीचं राहिलं. सगळे बोर्ड छातीच्या उंचीवर आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते. खाली बोर्ड लावून तिथे स्विचची ठिणगी पाडायची गरज नाही, मग तो सोन्याचा का असेना.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर राखी बोर्ड दोनच घेईन, वेल्डिंगजवळ आणि दाराजवळ. बाकी सगळीकडे ३०४, पियानो स्विच, मागे थिंबल. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पोरगं दाबतं, मी न सांगता. चावल्यापासून त्याला ते लक्षात राहतं.

परवा खंडेनवमीला लेथची, कॉम्प्रेसरची पूजा झाली. पोराने बोर्डांनाही हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. माळ ओली होती, म्हणून मी ती काढून लेथला घातली. राखी बोर्डावर कुंकवाचा गुलाबी डाग राहिलाय, निघत नाही. ३०४ वरचा त्याने थिनरच्या फडक्याने पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पूस.